एकांताचा जमाखर्च

मार्च महिन्यात बँकेतल्या माणसाने रजा मागू नये, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम. तो मोडणारा एक अर्ज १९९४ सालच्या फेब्रुवारीअखेरीस माझ्या टेबलावर आला. मी तेव्हा जुन्नर-आंबेगाव भागातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. अर्ज आमच्या दफ्तरींचा होता. शाखेत सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. मामा पारगावचे. या भागात पारगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. कर्जाच्या कागदावर 'तर्फे आळे' की 'तर्फे अवसरी' हे लिहिल्याशिवाय आमचे पान हलत नसे.

अर्जात लिहिले होते की, भाजे येथे ध्यान शिबिरास जाणे असल्याने आठ दिवसांची हक्काची रजा मिळावी. अक्षर मोत्यासारखे, खाली दोन रेघांची सही. मी तो अर्ज वाचला आणि हसलो. कुचेष्टेने नव्हे, पण साहेब माणूस समजुतीचे म्हणून जे हसू हसतो तसे हसलो.

"मामा, मार्च आहे. वसुली आहे, व्याजाची आकारणी आहे, खतावण्या जुळवायच्या आहेत. आणि ध्यानासाठी लोणावळ्याकडे जायला कशाला हवं? डोळे मिटायचे ते घरीही मिटता येतात की."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डोळे मिटता येतात, साहेब. पण घर दहा बाय बाराचं आहे आणि माणसं सात. कान कुठं मिटायचे?"

मी अर्जावर 'कामाच्या निकडीमुळे नामंजूर' असा शेरा मारला. मामांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि ते व्हाउचरचे गठ्ठे बांधायला निघून गेले. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्यांनी तसा अर्ज पुन्हा केला नाही. त्या वर्षी आमची शाखा वसुलीत तालुक्यात पुढे होती. मला शाबासकीचे पत्र आले. ते पत्र आता कुठे आहे ते ठाऊक नाही. मामांचा प्रश्न मात्र ठाऊक आहे.

हे आज आठवायचे कारण असे की, ध्यान, सजगता, मौन, 'जाणीवपूर्वक हालचाल' हे शब्द सध्या सगळीकडे ऐकू येतात. शहरातली माणसे शनिवार-रविवार गाठून डोंगरातल्या केंद्रांवर जातात. मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना श्वास पाहायला शिकवतात. मुळशी-लोणावळ्याकडच्या काही निवासांत एका रात्रीच्या मौनासाठी जे पैसे मोजावे लागतात, त्यात आमच्या काळी एक संकरित गाय येत असे. दुसरीकडे महाराष्ट्रातच अशी केंद्रे आहेत, जिथे एक पैसाही फी नाही. या दोन टोकांच्या मध्ये मामांचा प्रश्न उभा आहे. एकांत ही कुणाची मिळकत? त्याचा खर्च कोण सोसतो? आणि तो कुणाच्या वाट्याला येतो?

जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तरही हिशेबातच सापडावे, यात नवल नाही. २०१८ साली निवृत्त झाल्यावर मी जुन्नरच्या लेण्यांकडे नव्याने वळलो. नोकरीच्या काळात पाहुण्यांना लेण्याद्रीच्या गणपतीला नेणे हे शाखा व्यवस्थापकाच्या कर्तव्यातच मोडत असे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, गिरिजात्मजाचे दर्शन घ्यायचे, माकडांपासून प्रसाद वाचवायचा आणि उतरायचे. आपण ज्या खांबाविना प्रशस्त दालनात उभे आहोत तो बौद्ध भिक्षूंचा विहार आहे आणि भिंतींतल्या त्या लहान लहान खोल्यांत दोन हजार वर्षांपूर्वी माणसे पावसाळा काढत होती, हे मला माहीत होते. पण ते 'माहिती असणे' या सदरात जमा होते, इतकेच.

लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा अशा जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दीडशेहून जास्त लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी भारतात क्वचितच असतील. ती तिथे का आली, याचे उत्तर नाणेघाट देतो. कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा माल या वाटेने जुन्नरला येई. जकातीचे रांजण म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही घाटात आहे. व्यापार आला तिथे पैसा आला आणि पैसा आला तिथे दान आले. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख म्हणजे त्या दानाच्या पावत्याच आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याच्या मुलाने दिले. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शेचाळिसाव्या वर्षी टाके आणि मंडप दिला. आदुथुम नावाच्या एका शक उपासकाने तर जमीनच दिली. करंजाच्या झाडांपाशी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडापाशी नऊ निवर्तने. आमच्या तारणाच्या कागदांत चतुःसीमा लिहीत, अगदी तशीच!

या सगळ्यांहून मला भुरळ घातली ती नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यातील एका लेखाने. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणे दिले आणि नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी आणि एक हजाराच्या व्याजातून त्यांच्या इतर गरजा. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही त्यात म्हटले आहे.

मी घरी येऊन कागदावर आकडे मांडले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. छदाम इकडेतिकडे नाही! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो ताळेबंद असा जुळलेला पाहून मला जो आनंद झाला, तो बँकेत मार्चअखेरीस कधी झाला नव्हता. जुन्नरच्या लेखांतही अशाच ठेवी आहेत. तिथे बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. विणकर माग चालवत होता, कासार भांडी ठोकत होता, त्यांच्या धंद्यात फिरणाऱ्या पैशावरचे व्याज डोंगरात शांत बसलेल्या माणसाच्या अंगावर वस्त्र होऊन जात होते. एकांत फुकट नव्हता. पण तो ज्याला हवा त्याच्या खिशातूनही जात नव्हता. त्याची तजवीज समाजाने केली होती, तीही कायमची.

आणि हा वर्षावास मुळात आला कुठून? विनयपिटकात त्याची हकीकत आहे. भिक्षू बाराही महिने हिंडतात, पावसाळ्यात हिरवी तृणे तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. म्हणजे आज आपण ज्याला शिबिर म्हणतो, त्याचा उगम कुणाच्या तरी मनःशांतीच्या हौसेत नाही. पाय कुठे पडतो आहे याची दखल घेण्यात आहे. आपल्या चालण्याने दुसऱ्याचे काय तुडवले जाते, हे पाहण्यात आहे.

२०१९ च्या हिवाळ्यात मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस राहिलो. सत्यनारायण गोयंका हे मंडालेत १९२४ साली जन्मलेले व्यापारी. डोकेदुखीने बेजार होऊन ते रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, विपश्यना शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे भरतात. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणाजाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून सगळ्या शरीरावरच्या संवेदना. बोलायचे नाही, वाचायचे नाही, लिहायचे नाही. आयुष्यभर लिहिण्यावर जगलेल्या माणसाला या शेवटच्या अटीने फार छळले.

फी काही नाही. राहणे-जेवणे सगळे आधीच्या साधकांच्या दानातून. आणि ज्याने निदान एक शिबिर पुरे केले आहे, त्याच्याकडूनच दान घेतात. म्हणजे मी जे दहा दिवस जेवलो ते कुणा अनोळखी माणसाच्या पैशाने, आणि मी जे दिले त्यावर पुढे कुणी अनोळखी जेवले असेल. उषवदाताची ठेव वेगळ्या रूपात अजून चालू आहे, असे मला त्या रांगेत ताट घेऊन उभे असताना वाटले.

पण खरा टोला बसला तो पुढे. घरी परतल्यावर मी ऊ बा खिन यांचे चरित्र वाचायला घेतले. हा माणूस कोण? तर स्वतंत्र ब्रह्मदेशाचा पहिला महालेखापाल! आमच्याच जातकुळीतला, जमाखर्चाचा माणूस. आणि याने काय केले? आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाच ध्यान शिकवले, त्यासाठी कार्यालयात मंडळ काढले. मग १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभे केले आणि पुढेही वर्षानुवर्षे सरकारी जबाबदाऱ्या सांभाळत ते चालवले. एका देशाचा हिशेब ज्याच्या डोक्यावर होता त्याला वेळ सापडला. एका तालुक्यातल्या एका शाखेचा हिशेब ज्याच्या डोक्यावर होता, त्याने एका दफ्तरीला आठ दिवस दिले नाहीत.

मामांना जायचे होते ते भाज्याला. तिथे लेण्यांच्या पायथ्याशी 'सद्धम्म प्रदीप' नावाचे शिबिर केंद्र आहे. त्याची कहाणी निराळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ६ डिसेंबरला ते गेले. लाखो माणसे नव्या धर्मात उभी होती आणि वाट दाखवणारा नव्हता. त्या दिवशी संघरक्षित हे इंग्रज भिक्षू नागपुरात होते. त्यांनी शोकाकुल लोकांपुढे भाषणे केली, पुढे अनेक वर्षे महाराष्ट्रात हिंडून धम्म सांगितला. १९७८ मध्ये त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात आले आणि त्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. २०१० पासून त्याचे नाव त्रिरत्न बौद्ध महासंघ आहे. ज्यांच्या वस्तीत निवांत बसायला कोपरा नव्हता, अशा माणसांना चार-आठ दिवस डोंगराच्या कुशीत निवांत राहता यावे, हे भाज्याच्या केंद्राचे मोल आहे. ज्यांना गावाने शेकडो वर्षे वेशीबाहेर ठेवले त्यांनी आपण होऊन, सन्मानाने, काही दिवस गावाबाहेर जाणे आणि हाकलून देणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मला १९९४ साली कळला नव्हता. मला तो नुसता रजेचा अर्ज दिसला.

इथे एक आक्षेप आहे आणि तो आंबेडकरी चळवळीतूनच येतो. डोळे मिटून बसल्याने अन्याय दूर होतो का? ध्यान म्हणजे लढ्याला आलेली झोप नव्हे का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९५७ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे की, भिक्षू निर्माण करण्यात बुद्धांचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस घडवावा हा, की समाजाचा सेवक घडवावा हा? नुसताच परिपूर्ण माणूस समाजाच्या उपयोगाचा नाही, असा त्यांचा रोख आहे. त्याच ग्रंथात ते म्हणतात की, एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती गरज सुरू होते. शिबिराची कसोटी यातच आहे. दहा दिवसांनी घरी परतलेला माणूस बायकोशी, सुनेशी, शिपायाशी, शेतावरच्या गड्याशी कसा वागतो? तिथे काही बदलले नसेल, तर त्या दहा दिवसांत त्याने फक्त हवापालट केला.

पुढे मी भाज्यालाही दोन दिवस जाऊन आलो. तिथे मला चालणे शिकायला मिळाले. वयाच्या साठीत चालणे शिकलो म्हटल्यावर घरचे हसले, पण ती गोष्ट खरी आहे. पालीत त्याला चंकमन म्हणतात. वीस-पंचवीस पावलांची सरळ वाट निवडायची. नजर चार हातांवर खाली. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकवले, एवढेच पाहायचे. टोकाला गेल्यावर थांबायचे, थांबल्याची जाणीव घ्यायची, वळायचे आणि परत यायचे. कुठेच पोचायचे नसते. अंगुत्तरनिकायात चंकमनाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाला अंग तयार राहते, कष्टाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त टिकते. पाचांपैकी चार लाभ तर कुठल्याही शेतकऱ्याला पटावेत असे! सतिपट्ठान सुत्तातही चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, हातपाय दुमडणे-पसरणे हे सगळे भान ठेवून करायला सांगितले आहे. व्हिएतनामचे थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज स्थापून श्वासाबरोबर संथ हालचाल करण्याची जी रीत जगभर नेली, तिचे मूळ इथेच आहे.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. पायांनी साधना करणारी वारी आपल्याकडे आहे. अवधान हा शब्द आपल्याकडे आहे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे तेवढेच मागितले. ज्या रेड्याकडून त्यांनी वेद वदवले असे आपण मानतो त्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळ्यातच आहे. 'सावधान' हा शब्द तर आपण दर लग्नात ऐकतो. तो ऐकून खरोखर सावध झाले ते एकटे रामदास, बाकीचे आपण अक्षता टाकून पंगतीकडे वळतो.

मात्र या पट्ट्यात सावधपणाचा आणखी एक प्रकार आहे. जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र करावे लागले, इतका तो इथलाच झाला. शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याला बॅटरी आणि काठी घेऊन बांधावरून जावे लागते. त्या वेळी तो किती सजग असतो! प्रत्येक पानाची सळसळ त्याला ऐकू येते, प्रत्येक पाऊल तो पाहून टाकतो. एखाद्या शिबिरात आचार्यांनी सांगितलेले सगळे तो न शिकता करतो. पण ते ध्यान नव्हे, ती भीती आहे. भीतीने जागे ठेवलेला माणूस सकाळी थकून निजतो. ध्यानाने जागा झालेला माणूस सकाळी कामाला लागतो. पहिली जाग परिस्थिती लादते, दुसरीला परिस्थितीने थोडी सवड द्यावी लागते.

तीच गोष्ट ऊसतोडीची. हंगामात पारगावकडच्या फडांत बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मोळी बांधायची. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, हे अनेक टोळ्यांच्या व्यवहारात असते. पहाटे चारची घंटा त्या बाईला कुणी वाजवून दाखवावी लागत नाही, ती त्याच्या आधीच कोपीपुढे चूल पेटवून बसलेली असते. तिला वाकणे, उचलणे, वळणे भान ठेवून करायला सांगणे ही क्रूर थट्टा होईल. तिला आधी खाडा न मोजता दिलेली सुट्टी हवी. मग ती त्या सुट्टीत ध्यान करील, की झोपेल, की माहेरी जाईल, हा तिचा प्रश्न.

म्हणून शिबिरांची गोडी लागलेल्या आपल्यासारख्यांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात, असे मला वाटते. पहिली म्हणजे रजा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत आहे, हे चांगलेच आहे. पण ती सवलत मेजाच्या अलीकडच्या माणसाइतकी पलीकडच्या माणसाला मिळते का, हे पाहायला हवे. सहकारी संस्था, पतपेढ्या, कारखाने, दुकाने इथल्या हाताखालच्या माणसाला वर्षातून आठ दिवस निर्वेध मिळावेत. आणि कंपन्यांनी कामाचा बोजा तसाच ठेवून वर श्वास पाहायला शिकवू नये. ओझे उतरवायचे सोडून बैलाला शांत राहायला शिकवण्यासारखे ते आहे.

दुसरी गोष्ट जागेची. प्रत्येकाला इगतपुरी-भाजे जमणार नाही. पण गावागावांत बुद्धविहार आहेत, समाजमंदिरे आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शाळा आहेत. महिन्यातून एक दिवस ती मौनासाठी उघडी ठेवायला काय लागते? चंकमनाला तर छप्परही लागत नाही, वीस पावलांची सपाट जागा पुरते. फक्त तिथे येणाऱ्या बाईच्या घरी त्या दिवशी चूल दुसऱ्या कुणीतरी सांभाळली पाहिजे. आणि खेड्यात नवी केंद्रे उभारणाऱ्यांनी आजूबाजूच्या गावच्या माणसाला दारावरचा रखवालदार आणि मुदपाकखान्यातली बाई एवढेच न ठेवता, आसनावर बसणाराही मानावा.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. दीर्घ मौन हे सगळ्यांसाठी औषध नाही. ज्याचे मन आजारी आहे, ज्याच्यावर नुकताच मोठा आघात झाला आहे, त्याने आधी डॉक्टरांशी बोलावे. चांगली केंद्रे प्रवेशाच्या अर्जातच आजारांची विचारपूस करतात, ते उगाच नव्हे. तिथे खरे ते लिहावे.

इगतपुरीहून आल्यावर मी मामांना भेटायला पारगावला गेलो होतो. ते सेवानिवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती. घर वाढले होते, दोन खोल्या नव्या पडल्या होत्या, नातवंडे कॉलेजात जात होती. चहा झाल्यावर मी तो अर्जाचा विषय काढला. मला वाटले होते, ते म्हणतील, जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट. ते तसे म्हणाले नाहीत.

"गेलो की नंतर. रिटायर झाल्यावर गेलो भाज्याला," मामा म्हणाले. "पण तवर गुडघे गेले होते. मांडी घालून बसवेना. बसायचं वय बँकेत गेलं, साहेब. मग त्यांनी मला चालायला शिकवलं."

राग नव्हता त्या बोलण्यात. पण माफीही नव्हती आणि मी ती मागितल्याशिवाय का असावी? मी ती मागितली. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "चला, दाखवतो."

विहारापुढच्या फरशीवर ते चालू लागले. एक हात काठीवर, एक पाठीशी. त्यांच्या मागून मी. वीस पावले, थांबणे, वळणे, वीस पावले. बाजूने उसाची एक ट्रॉली धडधडत गेली. मामा थांबले नाहीत, घाईही केली नाही. वाटेतल्या मुंग्यांच्या रांगेपाशी मात्र त्यांनी पाऊल अंमळ लांब टाकले. विनयपिटकातली ती तक्रार त्यांनी वाचली होती की नाही, हे मी विचारले नाही.

निघताना सहज बोलणे निघाले. निवृत्तीच्या वेळी मामांची हक्काची रजा पूर्ण दोनशे चाळीस दिवस शिल्लक होती. त्याहून जास्त साठवता येत नसे. बँकेने तिचे पैसे रीतसर मोजून दिले. तेच दोनशे चाळीस! उषवदाताच्या हिशेबात त्या आकड्याने वीस माणसांचा पावसाळा निभावला होता. आमच्या हिशेबात तो एका माणसाच्या न घेतलेल्या सवडीचा होता, आणि तोही कागदावर अचूक जुळलेला होता.

उद्या सोमवार. कुणाच्या तरी टेबलावर, कुठल्या तरी शाखेत, कार्यालयात, दुकानात एखादा असा अर्ज येईल. कदाचित तो लेखी नसेल, पदर खोचत उभ्या असलेल्या मोलकरणीने चाचरत विचारलेला असेल, चार दिवस येणार नाही चालेल का म्हणून. तेव्हा 'घरी बसूनही करता येतं' असे म्हणण्याआधी त्या माणसाचे घर किती बाय कितीचे आहे, एवढे विचारा.